धर्माबादेत काढण्यासारखं काय आहे?

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की महाराष्ट्रातल्या चित्रकारांच्या अंगात आउटडोअर संचारतं. पाऊस गेलेला असतो, हवा धुऊन निघालेली असते, लांबचं झाड जवळ सरकल्यागत स्वच्छ दिसतं. शिवाय दिवाळीआधी घराच्या भिंती रंगवायचं काम 'तुला रंगांतलं कळतं ना' म्हणून गळ्यात पडण्याआधी चार दिवस गावाबाहेर असलेलं बरं, असाही एक शहाणा विचार त्यामागे असतो. मग गटाच्या व्हॉट्सॲपवर ठिकाणांची नावं येऊ लागतात. वाईजवळची मेणवली, नाशिकचा गोदाघाट, भंडारदरा, पन्हाळा, कोकणातलं कुठलं तरी एक देऊळ आणि त्याच्या मागची नारळाची बाग. दरवर्षी हीच नावं येतात, दरवर्षी त्यांवर कडाक्याची चर्चा होते आणि दरवर्षी ज्याच्याकडे मोठी गाडी आहे त्याचं ठिकाण निवडून येतं. या यादीत धर्माबादचं नाव कधी निघाल्याचं ऐकिवात नाही. माझं म्हणणं असं, की शरदात गटानं निसर्गचित्रं काढायला कुठं जायचंच असेल, तर नांदेड जिल्ह्याच्या शेवटाला, तेलंगणाला खेटून बसलेल्या धर्माबादलाच जावं. कारण तिथं बघण्यासारखं काही नाही.

पहिला आक्षेप खुद्द धर्माबादकरच घेतील. 'आमच्या गावात काय हाय काढण्यासारखं?' असं ते विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. गावाचं नाव आहे ते लाल मिरचीच्या बाजारासाठी आणि मिरची पावडरीच्या कारखान्यांसाठी. मराठवाडा एक्स्प्रेस मनमाडहून निघून अर्धा मराठवाडा पालथा घालते आणि इथं येऊन थांबते. ती नजारा बघायला थांबते असं कोणी म्हणणार नाही. किल्ला नाही, धबधबा नाही. डोंगर बघायचे तर माहूर-किनवटकडे जावं लागतं, ते जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला. उरतं ते सपाट काळं रान, त्यात मधूनच एखादा कडुनिंब, बांधावरची बाभूळ, पट्टीनं आखलेलं क्षितिज आणि त्याला समांतर विजेच्या तारा. कलेची देवता म्हणावी तर ती पुढच्याच स्टेशनवर, बासरला आहे. पण बासर तेलंगणात. सरस्वती त्या राज्यात आणि ठसका या राज्यात, अशी एकूण वाटणी झालेली.

पण बघण्यासारखं म्हणजे काय, हे एकदा तपासून घ्यायला हवं. मेणवलीला नाना फडणविसांनी कृष्णेवर घाट बांधला आणि वाडा उभारला, तेव्हाच तिथल्या निसर्गचित्राची मांडणी होऊन गेली. पायऱ्यांच्या आडव्या रेषा, देवळाचा उभा कळस, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, मागं वाड्याची भिंत. सगळं तोलून-मापून ठेवलेलं आहे. पुढे 2004 साली 'स्वदेस' चित्रपट तिथं चित्रित झाला आणि ज्यांनी घाट पाहिला नव्हता त्यांनाही तो कुठल्या कोनातून बघायचा ते कळलं. आता तिथं ईझल लावून बसणं म्हणजे दुसऱ्यानं सोडवलेल्या गणिताखाली आपली सही करणं. चित्र चांगलं होतं यात वादच नाही. ते वाईट व्हायला विशेष कष्ट घ्यावे लागतात. चित्रकाराच्या डोळ्यांना मात्र त्या दिवशी सुट्टी असते. काम करतो तो हात, आणि त्याला आधी पाहिलेली शंभर चित्रं पाठ असतात.

ही सवय चित्रकाराला मोठेपणी लागत नाही. धर्माबादच्या एखाद्या शाळेत सातवीच्या वर्गाला निसर्गचित्र काढायला सांगितलं, तर कागदावर काय उमटेल हे गुरुजी वर्गात न जाताही सांगू शकतात. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, तिथून निघून थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत येणारी नदी, तिच्या काठी उतरत्या छपराची झोपडी आणि झोपडीवर वाकलेला नारळ. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या रेखाकला परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. त्या मुलाच्या स्मरणात हा देखावा आला कुठून, असा प्रश्न कोणत्याही परीक्षकाला पडत नाही. शाळेच्या खिडकीतून दोन त्रिकोणी डोंगर दिसत नाहीत. नारळ दिसतो तो देवळात, शेंडी राखून सोललेला. आणि तालुक्यातून गोदावरी वाहते खरी, पण ती कुठल्या दोन त्रिकोणांमधून येत नाही. मुलाला ठाऊक असतं ते असं, की निसर्ग म्हणजे जो आपल्याकडे नाही तो. मेणवलीला निघालेले चित्रकारही हेच समजून गाडीत बसलेले असतात. त्यांचा कागद तेवढा महाग असतो.

गोदावरीचंच बघा. ती 1465 किलोमीटर वाहते. पण मराठी चित्रांवरून तिचा भूगोल शिकायचा ठरवला, तर ती रामकुंडात उगम पावून गाडगे महाराज पुलाखाली समुद्राला मिळते अशी समजूत होईल. नाशिकच्या त्या काही फर्लांगांत तिला जितके जलरंग भेटले, तितके पुढच्या साऱ्या मराठवाड्यात मिळून भेटले नसतील. पैठण, नांदेड करत ती धर्माबाद तालुक्यात येते तोवर चांगली रुंद झालेली असते, वयस्क झालेली असते, घाट-बीट बांधून घेण्याची हौस संपलेली असते. दोन्ही काठ लांब आणि बुटके, मधे पाणी, वर मोठं आभाळ. या नदीचं चित्र काढायचं तर आधार द्यायला कळस नाही, पायऱ्या नाहीत, स्नान करणाऱ्या बायका नाहीत. नुसत्या तीन आडव्या पट्ट्या. त्या तीन पट्ट्यांतून चित्र उभं करून दाखवणाऱ्याला मी पाणी रंगवता येतं असं म्हणेन. कळस रंगवता येणारे पुष्कळ आहेत.

मराठवाड्यात चित्रकार कधी आलेच नाहीत असं मात्र नाही. ते आले, गटानं आले, पाऊस संपल्यावर आले, तंबू ठोकून राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या गंगाराम तांबटांनी वेरूळची लेणी रेखाटली. 1844 साली मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याला आला आणि वर्षानुवर्षं भित्तिचित्रांच्या नकला करत राहिला. 1872 पासून 1885 पर्यंत जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन येत राहिले. 1909 ते 1911 या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार, निजामाच्या हैदराबादेहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन. मराठवाड्याच्या नशिबी एवढा तोलामोलाचा कलावंतांचा गट पुन्हा आला असेल तर मला माहीत नाही. पण ही सगळी मंडळी आली आणि थेट गुहेत शिरली. बाहेर वाघूर नदीचा घोड्याच्या नालेचा बाक, समोर झळाळतं शरदाचं ऊन, आणि हे दरीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांचं काम थोर होतं, ते त्याच कामासाठी आले होते, त्यांना दोष नाही. पुढे गिलच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या आणि ग्रिफिथ्सच्या पुष्कळशा 1885 मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत. भिंतीवरची चित्रं तेवढी जागेवर राहिली. मराठवाड्याचं ऊन तर कागदावर उतरलंच नव्हतं, त्यामुळे ते जळण्याचा प्रश्नही आला नाही.

आता ऋतूचं. शरदातलं निसर्गचित्र म्हटलं की कॅलेंडरवरची परदेशी झाडं डोळ्यांपुढे येतात, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लालपिवळी. आपल्याकडची झाडं पानं गाळतात ती शिशिरात. ऑक्टोबरात सगळं नुसतं हिरवं, पेटीतला सॅप ग्रीन पहिल्याच दिवशी संपतो, अशी चित्रकारांची तक्रार असते, आणि कोकणापुरती ती खरीही असेल. नांदेड-लातूरकडे मात्र शरदातली पानगळ अगदी वेळेवर होते. ती झाडांवर होत नाही, सोयाबीनवर होते. सप्टेंबर सरत आला की हिरवं रान आधी लिंबासारखं, मग हळदीसारखं पिवळं पडत जातं, पानं गळून वाफ्यात साचतात आणि मागे उरतात तपकिरी शेंगांनी लगडलेल्या उभ्या काड्या. हजारो एकरांवर एकाच वेळी चाललेली ही पानगळ कोणत्याही पर्यटन खात्याच्या पुस्तिकेत नाही, कारण तिच्याकडे सगळे भावाच्या दृष्टीनं बघतात. त्यात झाडं उंच नाहीत, गुडघ्याएवढी आहेत, एवढाच काय तो फरक. तो चित्रकाराच्या सोयीचाच आहे. मान वर करावी लागत नाही.

लाल रंग हवा असेल तर मिरचीच्या हंगामात यावं, असं कोणी सुचवेल. हिवाळा उलटल्यावर मिरचीची आवक भरात येते तेव्हा धर्माबादेत लाल रंगाचा सुकाळ असतो हे खरं. पण नेमकं म्हणूनच तेव्हा येऊ नये. तो लाल आयता आहे, मेणवलीच्या कळसाच्या जातीचा. शिवाय डोळ्यांत पाणी आल्यामुळे आकार पुसट दिसू लागले आणि चित्र त्या अंगानं आधुनिक झालं, तर त्याचं श्रेय मिरचीला द्यायचं की चित्रकाराला, हा नवाच वाद उभा राहतो.

सोयाबीनकडे परत येऊ, कारण चित्रकाराच्या दृष्टीनं त्यात एक गोम आहे. क्लोद मोने यानं 1890-91 मध्ये झिव्हर्नीतल्या घराशेजारच्या शेतातल्या धान्याच्या गंज्यांची पंचविसेक चित्रं काढली. सकाळची गंजी, संध्याकाळची गंजी, बर्फातली गंजी. उजेडाच्या अभ्यासाचं हे मोठं उदाहरण म्हणून जगभर शिकवलं जातं. पण ते शक्य झालं याचं एक कारण शुद्ध कृषी-अवजारांचं आहे. त्या काळी मळणी यंत्रं गावोगाव फिरत आणि पाळी येईस्तोवर गंज्या महिनोन्‌महिने शेतात उभ्या राहत. यंत्र आलं नाही म्हणून मोने झाला, असं म्हणणं फार होईल, पण यंत्र वेळेवर आलं असतं तर मालिका तीन चित्रांतच आटोपली असती. धर्माबादच्या शिवारात सोयाबीनची गंजी लागते, तिच्यावर ताडपत्री पडते, तिचा निळा असा असतो की अल्ट्रामरीनची ट्यूब तोंड लपवते. आणि चित्रकारानं पेन्सिलनं गंजीचा घेर काढून पाण्याचा हात फिरवला न फिरवला तोच ट्रॅक्टरमागं मळणी यंत्र येतं. तासाभरात गंजीचं भुसकट होतं आणि चित्राचा विषय पोत्यांत भरून रस्त्याला लागतो. मोनेला सूर्याशी झुंजावं लागलं. इथं सूर्याच्या जोडीला मळणी यंत्रवालाही आहे, आणि तो पोत्याच्या हिशेबानं पैसे घेतो, त्यामुळे त्याला थांबा म्हणता येत नाही.

पण बदलत्या देखाव्याची खरी कमाल आहे ती बाभळी गावात. धर्माबाद तालुक्यातच गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे, 14 दरवाजांचा. खाली तेलंगणात श्रीरामसागर धरण, म्हणजे जुन्या भाषेत पोचमपाड. पाणी कोणाचं यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि 28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. बंधारा राहील, पण त्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे राहतील. 29 ऑक्टोबरला ते बंद करायचे. नदीची पातळी पावसावर अवलंबून असते, समुद्राची चंद्रावर. धर्माबादच्या गोदावरीची पातळी निकालपत्रावर अवलंबून असते. शरद ऋतूत, सरकारी शिस्तीत, देखावा बदलतो. 28 तारखेला बसलेल्या चित्रकाराच्या कागदावर वाहती नदी आणि काठचे खडक येतील. दोन दिवस उशिरा पोचलेल्याच्या कागदावर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तुंबून वर चढलेलं पाणी येईल. दोघांचीही चित्रं खरी, दोन्ही कायदेशीर. मोनेच्या मालिकेला नेमक्या तारखांची गरज नव्हती. हिच्यावर तारीख घातली नाही तर पुरावा म्हणून ती टिकणार नाही. आणखी एक गंमत अशी, की दरवाजे पाडायच्या त्या दिवशी केंद्रीय जल आयोगाचे आणि दोन्ही राज्यांचे अधिकारी हजर असतात. म्हणजे चित्रकारांचा गट पोचायच्या आत तिथं एक गट नदीकडे एकटक बघत उभा असतोच. त्यांच्या हातात फक्त कागदच असतात, ब्रश नसतात.

रंगांची अडचण वेगळीच आहे. बहुतेक कलाशिक्षक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी बजावतात, की ट्यूबमधला काळा वापरायचा नाही. सावलीतही रंग असतो, तो शोधा. हा नियम फ्रान्सच्या फिकट मातीत वाढला. काळ्या मातीच्या देशात तो आला की पंचाईत होते. नांगरलेलं ओलं रान सकाळच्या तिरप्या उन्हात खरोखर काय रंगाचं आहे हे सांगायला बसलं तर निळा, जांभळा, बर्न्ट सिएना असं करत करत पेटी संपते आणि माती काळीच राहते. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी जे. जे.तलं शिक्षण संपवून गावी येऊन कोटितीर्थाकाठी राहून त्याच तळ्याची, त्याच परिसराची चित्रं पुनःपुन्हा काढली, ती काही कोटितीर्थ जगातलं सर्वांत देखणं तळं आहे म्हणून नव्हे. एका जागेला किती रंग आहेत हे मोजायला आयुष्य पुरत नाही, हे त्यांना कळलं होतं. काळ्या रानाला अजून त्याचा आबालाल भेटायचा आहे. रान वाट बघत नाही, ते हरभरा पेरून घेतं.

ऊन हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. ऑक्टोबरचं ऊन डोक्यात जातं आणि जलरंगाचा वॉश कागदाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचेपर्यंत निम्म्यात वाळतो. 1841 साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून चित्रकार सर्रास घराबाहेर पडू लागले, पण उन्हात बसायची युक्ती त्याच्या पेटंटमध्ये नव्हती. परिणामी सर्व गटांचं वागणं सारखंच असतं. पहिला तास उत्तम 'स्पॉट' शोधण्यात जातो. प्रत्येक जण दोन बोटांची चौकट डोळ्यांपुढे धरून वेगळ्या दिशेला चालू लागतो, मांडणी, तोल, खोली असे शब्द बोलतो, आणि तासाभरानं सगळे एकाच कडुनिंबाखाली भेटतात. जगातली बहुतेक उन्हाची चित्रं सावलीत बसून काढलेली असतात, तेव्हा देखावा निवडतो तो चित्रकार नसून झाड. इथं धर्माबादची बाजू पुन्हा वरचढ ठरते. महाबळेश्वरात शंभर झाडं, त्यामुळे निवडीचा घोळ. धर्माबादच्या शिवारात सोयीचं झाड एकच असतं. वेळ वाचतो.

वेळ वाचणं गरजेचं आहे, कारण गटानं जाणं म्हणजे शिबिर, आणि शिबिर म्हणजे उद्घाटन. ऑक्टोबरअखेरीस सूर्य सव्वासहा-साडेसहाला उगवतो आणि नऊपर्यंत सावल्या लांब असतात. निसर्गचित्राला लागणारा उजेड हाच. उद्घाटनाची वेळ पत्रिकेत आठ असते, प्रमुख पाहुणे अकराला येतात, दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, पाहुणे ब्रश हातात घेऊन कोऱ्या कॅनव्हासवर एक रेघ मारतात आणि त्या रेघेचं पुढे काय करायचं हे कोणालाच कळत नाही. सूर्यनारायणाला निमंत्रण नसतं, त्यामुळे तो थांबत नाही. मराठी कलाशिबिरांतल्या निसर्गचित्रांत झाडाची सावली बरोबर झाडाखाली का पडलेली असते, याचं उत्तर शैलीत शोधू नये. कार्यक्रमपत्रिकेत शोधावं.

मग गट हवाच कशाला, एकट्यानं जावं, असं कोणी म्हणेल. एकट्यानं रानात तीन तास बसून समोर बघत राहणाऱ्या माणसाबद्दल गावाला दोनच शंका येतात: एक तर घरी भांडण झालंय, नाही तर जमीन घ्यायची आहे. त्यातून समोर तीन पायांची तिवई असली की तिसरी आणि सर्वांत वाईट शंका येते. 'सर, काय मोजूलालाव?' हा प्रश्न सौजन्यानं विचारलेला असतो, पण त्यामागे नव्या महामार्गाची, भूसंपादनाची आणि मोबदल्याच्या दराची सगळी चिंता उभी असते. नऊ तिवया एका रांगेत दिसल्या की उलट गाव निश्चिंत होतं, कारण नऊ मोजणीदार एका वेळी कामावर आल्याचं कोणी पाहिलेलं नाही. गटाचा दुसरा फायदा विनयाचा. एकच बाभूळ नऊ जणांनी काढली की नऊ बाभळी होतात. त्यांतली एकही समोरच्या बाभळीशी जुळत नाही, आणि मागे उभा असलेला गुराखी शांतपणे सांगतो की फांदी डावीकडं नाही, उजवीकडं हाय. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत असा समीक्षक मिळत नाही. तिथं विषयाला पाहिलेलं कोणी नसतं.

हल्लीचा जोरदार आक्षेप मोबाइलचा: फोटो काढा आणि घरी पंख्याखाली बसून रंगवा. याला उत्तर देण्याआधी मान्य करायला हवं, की महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं आउटडोअर शिबिर शासनानंच भरवलेलं आहे. 2021 पासून ई-पीक पाहणीसाठी प्रत्येक शेतकऱ्यानं आपल्या रानात उभं राहून पिकाचा फोटो ॲपवर चढवायचा असतो. खरिपात आणि पुन्हा रब्बीत. कोट्यवधी रुपयांच्या कलादालनांना जमलं नाही ते एका ॲपनं केलं. अख्ख्या राज्याला निसर्गाकडे तोंड करून उभं केलं. पण त्या फोटोत बघणारा शेतकरी सोयाबीनकडे बघत नसतो, रेंजकडे बघत असतो. फोटो पुरावा म्हणून चोख आहे. त्याला गटाच्या नऊ चुकीच्या बाभळींची जागा घेता येत नाही, कारण बाभूळ चुकवायला आधी ती तीन तास बघावी लागते.

यापुढचा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. परतीच्या पावसानं उभं सोयाबीन भिजलेलं असतं, शेंगांतच कोंब फुटलेले असतात, भाव पडलेला असतो, काढणीला माणसं मिळत नसतात. आणि तुमची नऊ माणसं त्याच बांधावर चित्र काढायला बसणार? शेतकऱ्यानं असं विचारलं तर त्याला सौंदर्यशास्त्र सांगू नये. चित्रानं भाव वाढत नाही, हे आधी कबूल करावं. मग फार तर इतकं म्हणावं, की नुकसानीच्या पंचनाम्याला आलेला माणूस त्या रानात जितका वेळ उभा राहतो, त्याच्या कितीतरी पट वेळ चित्रकार बसलेला असतो. काळी पडलेली शेंग आणि चांगली शेंग यांचा रंग वेगळा आहे हे त्याच्या पॅलेटवर नोंदलं जातं, कारण त्याशिवाय चित्र जमत नाही. चित्राला भरपाई मिळत नाही आणि चित्रामुळेही मिळत नाही. पण बेचाळीस वर्षांनी कोणी विचारलं की त्या वर्षी रान कसं दिसत होतं, तर दाखवायला एक कागद राहील, आणि त्यात नारळ नसेल. यावर शेतकऱ्याचं समाधान झालं नाही तर ईझल मिटून विळा हातात घ्यावा. काढणी जमणार नाही, पण बोलणं तरी बंद होईल.

राहता राहिली विक्री. घाटाची, देवळाची, पावसात भिजलेल्या वाड्याची चित्रं दिवाणखान्यात सोफ्याच्या वर जातात. सोयाबीनची धसकटं आणि निळी ताडपत्री तिथं कोण टांगणार? खरं आहे, कोणी नाही टांगणार. मुंबई-पुण्याकडे गेलेल्या धर्माबादकरांनाही भिंतीवर गावाची आठवण हवी असेल तर ते कोकणातलं घर घेतील. मला यात गैर काही दिसत नाही. जे चित्र विकलं जाणार नाही हे काढतानाच ठाऊक असतं, ते काढताना माणूस जरा नीट बघतो, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघायचं काम उरत नाही.

एवढं पटून कोणी गट निघालाच, तर दोन व्यावहारिक सूचना. मुक्काम 28 आणि 29 ऑक्टोबरला धरावा, म्हणजे एका भाड्यात दोन नद्या मिळतात. आणि बंधाऱ्याजवळ बसायचं असेल तर पाटबंधारे खात्याकडे रीतसर अर्ज करावा, पण त्यात 'बाभळीची पाहणी' असे शब्द चुकूनही घालू नयेत. जुलै 2010 मध्ये आंध्रचे नेते चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन बाभळीची पाहणी करायलाच निघाले होते. त्यांना धर्माबादेत ताब्यात ठेवलं गेलं आणि काही दिवसांनी विमानानं हैदराबादला पोचवलं गेलं. चित्रकारांना विमान तर कोणी देणार नाहीच. ऐन दिवाळीच्या गर्दीत परतीचं आरक्षण मिळालं तरी पुष्कळ.